पितळी पुंगळीच्या बुडाशी कोरलेला इतिहास

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात सैनिकी परंपरा जपणाऱ्या घरांत तोफेची रिकामी पितळी पुंगळी कधी फुलदाणी म्हणून, तर कधी केवळ आठवण म्हणून ठेवलेली दिसते. ज्या जिल्ह्यातील एकट्या मिलिटरी अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तेथे हे नवल नव्हे. मात्र अशा पुंगळीविषयी घरात सांगितली जाणारी हकिकत आणि तिच्या बुडावरील ठसे यांचा मेळ बसतोच असे नाही.

विशेषतः कारगिल युद्धानंतर पुष्कळ पुंगळ्यांना ‘बोफोर्सची’ म्हटले जाऊ लागले. भारताने १९८६ मध्ये स्वीडनकडून घेतलेल्या १५५ मिलिमीटर बोफोर्स तोफेत दारूच्या पिशव्या भरतात. तिला पितळी पुंगळी नसतेच! पुंगळी असते ती त्याच कंपनीच्या ४० मिलिमीटर विमानविरोधी तोफेला. परंतु दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेतही ही तोफ आणि तिचा दारूगोळा परवान्याने तयार झाला. म्हणून बुडावर ‘४० एमएम, एम २५’ असे इंग्रजी ठसे असतील, तर पुंगळी अमेरिकी मानावी. तोफेचे नाव स्वीडिश असले तरी.

जुन्या ब्रिटिश पुंगळीवर तोफेचा प्रकार, वर्ष, तुकडीचा क्रमांक आणि कारखान्याची आद्याक्षरे आढळतात. ‘१८ पीआर’ म्हणजे अठरा पौंडी तोफ. ‘आरएल’ म्हणजे वुलविचची रॉयल लॅबोरेटरी. बाणाची खूण सरकारी मालकीची. फसवतात ती ‘सीएफ’ ही अक्षरे. ती कारखान्याची वाटतात. प्रत्यक्षात ती कॉर्डाइट दारूचा पूर्ण भार दर्शवतात. पुंगळी पुन्हा भरून वापरली की ती पुन्हा उमटत, त्यामुळे एकाच बुडावर ती अनेकदा दिसू शकतात. जर्मन पुंगळ्यांवर मात्र गावाचे वा कारखान्याचे नाव अनेकदा पूर्ण लिहिलेले असते.

एवढे कळले तरी पुंगळी कोणत्या रणांगणावर उडाली, हे ठसा सांगत नाही. १९१६ चे वर्ष निर्मितीचे. आजोबा मेसोपोटेमियात होते की नाही, हे सेवापुस्तिकेतच पाहावे लागेल.

पुढे गोळा बसलेला असेल किंवा बुडातील प्रायमरवर आघाताची खूण नसेल, तर वस्तू हलवू नये, पोलिसांना कळवावे. आणि रिकामी पुंगळी सणासुदीला चिंच लावून घासणाऱ्यांनी निदान बूड तरी सोडावे. अशा घासण्याने ठसे झिजतात आणि मग भंगारवाल्यापुढे उरते ते केवळ पितळेचे वजन.