पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी कोळंबीवर पांढरे ठिपके कसे?



मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने खाजनातल्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पंधरा दिवसांत कोळंबी काठाला येऊन मरायला लागली, कवचावर पांढरे ठिपके. ग्रुपवर सगळ्यांनी लॅबला शिव्या घातल्या. आम्हीही घातल्या. मग चौकशी केली तर कळलं, गोम त्या बाटलीतच होती.

हा विषाणू लांबीला साधारण 300 नॅनोमीटर. तीन हजारांवर विषाणू एका ओळीत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरतो. आणि पीसीआरच्या मशीनमध्ये शेवटी जातो तो नमुन्याचा पुरता एक थेंबसुद्धा नाही. तळ्यात विषाणू विरळ असला तर त्या थेंबात तो येणार कसा? म्हणून आधी पुष्कळ पाण्यातला विषाणू थोड्या पाण्यात एकवटावा लागतो.

त्याची एक रीत तर आपल्या घरातलीच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन तळाला बसतो ना, तेच. समुद्रातल्या विषाणूंच्या अभ्यासासाठी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत तुरटीऐवजी लोहाचा क्षार, फेरिक क्लोराइड, वापरतात. लिटरला फक्त 1 मिलिग्रॅम लोह. त्याचे बारीक गोळे होतात, विषाणू त्यांना चिकटतात, गोळे गाळणीवर अडकतात. मग क्लासिक युक्ती: लोह विरघळवायला 'क' जीवनसत्त्व, म्हणजे आवळ्यात असतं तेच! 20 लिटरचं 20 मिलिलिटर झालं तर माल हजारपट दाट झाला. दुसरी रीत पीईजी नावाचं रसायन आणि मीठ घालायची. पीईजी पाणी धरून ठेवतं, विषाणूंना जागा उरत नाही, ते खाली बसतात. कोविडच्या काळात सांडपाणी तपासायला ही रीत बरीच वापरली गेली.

पण विषाणूबरोबर शेवाळाचा चुरा, बॅक्टेरिया, कुजका गाळही एकवटतो. संशोधनाला शुद्ध विषाणू हवा असेल तर नळीत खाली दाट, वर पातळ असा साखरेचा पाक भरतात आणि डेअरीत साय काढतात तसं, पण कितीतरी जास्त वेगाने फिरवतात. विषाणू पाकात आपल्या पातळीवर पट्टा धरून थांबतो. आपल्या रिपोर्टला एवढं लागत नाही. मात्र गाळातली द्रव्यं किंवा लोह नमुन्यात राहिलं तर पीसीआर दबतो आणि विषाणू असूनही निगेटिव्ह येतं. उलटही होतं: मेलेल्या विषाणूचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतो.

आता कामाचं. विषाणू एकवटणारं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे आजारी कोळंबीच. तो तिच्या कल्ल्यांत वाढतो. म्हणून पाण्यापेक्षा सुस्त, काठाला आलेली कोळंबी द्या. कल्ले आणि पोहायचे पाय 95 टक्के अल्कोहोलमध्ये घालून. बीज सोडण्याआधी तपासताना दहा-वीस पिल्लं देऊन भागत नाही. रोग 2 टक्के पिल्लांत असेल तर तो सापडायची 95 टक्के खात्री हवी म्हणून 150 पिल्लं लागतात. मानशीतून आत शिरणारे खेकडेही हा विषाणू वाहतात, तेही तपासता येतात.

पाणीच द्यायचं असेल तर लॅबला आधी विचारा: किती लिटर लागेल, आणि ते एकवटणार कसं?