भट्टीवरच्या बाईला बैठकीत जागा

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८०च्या सुमारास आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीत घेतला. डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांच्या त्या योजनेत घराघरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी जमायची. जमीनवाल्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव योजनेत. मी आरोग्यसेविका म्हणून खेडोपाडी फिरले आहे. ज्वारीसाठी गाव एकत्र बसलं, हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. माणसं अशी बसली की बोलणं विहिरीवर, सांडपाण्यावर, संडासावर येतंच.

पण परमुलखातून आलेल्यांचं काय? वीटभट्टीवर छत्तीसगडहून आलेली बाई इथल्या कुठल्याच यादीत नसते. धूर लेकरांच्या छातीत, गरोदरपणाची नोंद मूळ गावी, आणि रोजी बुडते म्हणून दवाखाना लांबणीवर.

अशांचं म्हणणं मांडायला एक वाट आहे. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याची तरतूद १९६६च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातच आहे. भट्टीच्या वस्तीतून ती सूचना कोण लिहिणार? हातपंप कुठे हवा, झोपड्या धुरापासून किती दूर हव्यात, हे त्या बायांना विचारून लिहून घ्यायला हवं. त्यासाठीची बैठक मात्र रात्री जेवणानंतर ठेवावी; दिवसा त्यांची मजुरी बुडते.