जुहूचें मैदान आणि एक कापलेलें पत्र

मुंबईस सहलीला जाणाऱ्यानें पहिल्या दिवशीं काय पाहावें? यंदाच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धायरीच्या घरीं या प्रश्नाचीं चार उत्तरें निघालीं. सौभाग्यवतींना महालक्ष्मीचें दर्शन हवें होतें, सूनबाईंना समुद्र, तर दहा वर्षांच्या नातवास राणीची बाग. परंतु आमच्या घरांत पन्नासांहून अधिक वर्षें टपालाचीं तिकिटें जमविणारा एक हट्टी, निवृत्त मास्तर राहतो. सबब सहलीचा श्रीगणेशा जुहूच्या विमानतळापासून झाला!

विमानतळ म्हटला कीं कांचेचे महाल आणि सरकते जिने डोळ्यांपुढें येतात. जुहूस त्यांतलें कांहीं नाहीं. १९२८ सालीं सुरू झालेल्या या मैदानावरून सांप्रत मुख्यत्वें हेलिकॉप्टरें उडतात आणि आपण तीं कुंपणाबाहेरून पाहावयाचीं. "आजोबा, इथं पाहण्यासारखं काय आहे?" नातवानें विचारलें. प्रश्न रास्त होता.

मीं त्यास सांगितलें कीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें एकटेच विमान चालवीत येथें उतरले. तें 'पस मॉथ' जातीचें चिमुकलें विमान. त्यांत उतारू नव्हते, होती टपालाची थैली. पुढचें टपाल नेव्हिल विंटसेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. यक्षानें मेघाकरवीं निरोप धाडला, नलानें हंसाकरवीं. ती कविकल्पना विमानानें खरी केली. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां हें सारें बिऱ्हाड पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानांत हाले. हें ऐकून मात्र चिरंजीवांचा पुणेरी अभिमान जागा झाला.

"मग त्या विमानातल्या पत्राचं तिकीट आहे तुमच्याकडं?" तेव्हां मला संग्राहकाचा मोठा धडा सांगावा लागला. हवाई टपालांत खरा इतिहास तिकिटापेक्षां पाकिटावर असतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं प्रयागच्या प्रदर्शनांतून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें यमुनेपलीकडे नैनीस नेलीं. त्यांवरील तिकिटें नेहमींचींच होतीं; अपूर्व होता तो विमानाचें चित्र असलेला खास शिक्का. नुसतें तिकीट कापून घेतलें, तर पत्र कोठून, केव्हां, कोणाकडे गेलें, हें सारें हरपतें.

बोलतां बोलतां मी थांबलों. कारण हा धडा मी ज्या रीतीनें शिकलों, ती मीं घरांत कधीं कोणास सांगितली नव्हती.

१९७० च्या सुमाराची गोष्ट. माझे काका नैरोबीस नोकरीस होते. त्यांचें हवाई पत्र येई. एकच निळसर कागद, त्याचीच घडी घालून केलेलें पाकीट आणि वर छापलेलें तिकीट. एकदां पोस्टमनच्या हातून पत्र मींच घेतलें आणि तें उघडण्यापूर्वींच तिकीट कापून माझ्या वहींत खळीनें चिकटविलें. आई तें पत्र आजीला वाचून दाखवूं लागली, तों "या दिवाळीस मी" या शब्दांपुढें भोंक! "वाटेंत फाटलं असेल," मी म्हणालों. पुढच्याच महिन्यांत, दिवाळीपूर्वीं, काका तिकडे वारले. आजीनें तें पत्र देवांच्या पेटींत अखेरपर्यंत जपलें. "येणार होता की नव्हता?" एवढेंच ती मधूनमधून विचारी. मीं तोंड उघडलें नाहीं.

त्या दिवशीं कुंपणाशीं उभें राहून मीं हें सर्वांस सांगितलें. सौभाग्यवती "एवढी वर्षं!" इतकेंच म्हणाल्या. नातवानें विचारलें, "वही आहे ना अजून?"

उरलेली सहल यथास्थित पार पडली. महालक्ष्मी झाली, समुद्र झाला, राणीची बाग झाली. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेली, १९१३ सालची मोठ्या टपालकचेरीची इमारतही पाहिली. परंतु माझें मन धायरीच्या कपाटांत अडकलें होतें.

परत आल्यावर वही काढली. पाणी लावून तिकीट सोडवावें, तर शाई विरघळण्याची भीति. नातवानें युक्ति काढली. तिकिटाच्या बाजूनें मोबाइलचा दिवा धरला आणि पानाच्या मागून आम्हीं पाहिलें. विटक्या कागदांतून काकांचें अक्षर पुसट उमटलें. "नक्की येतों. आईस सां". पुढें कात्रीची कड.

काका आले नसतेच. पण वाट पाहण्याचा तो एक महिना आजीच्या हक्काचा होता आणि तो मीं एका तिकिटासाठीं कापून घेतला.

देवांच्या पेटींतलें तें पत्र आतां आम्हीं वहीच्या त्याच पानाशीं ठेविलें आहे. वाचकांच्या घरींही जुनीं पत्रें असतील आणि मुलें त्यांवरचीं तिकिटें मागत असतील. तीं अवश्य द्यावींत, पण पाकिटासकट. आणि तत्पूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांस पत्र एकवार वाचून दाखवावें.