मोकाट डुक्कर आणि गोठ्यातले डुक्कर

डुक्कर हा शब्द उच्चारताना आपल्याकडे आवाज आपोआप खाली येतो. बँकेत कर्जाची चौकशी करायला आलेला एक तरुण "साहेब, जनावरांसाठी पाहिजे होतं" एवढेच म्हणाला. कोणती जनावरे, हे सांगायला त्याला पाच मिनिटे लागली. जातीने चिकटवलेला धंदा म्हणून शिकलेली मुले त्याला लाजतात, हे आम्हाला समजते. पण जात कोणती घेणार, खाऊ काय घालणार, लस कोण टोचणार, असे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर! मग पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

उकिरड्यावरचे डुक्कर फुकट वाढते असे आपण समजतो. वास्तविक ते फार सावकाश वाढते. गायी-म्हशींच्या पोटातील सूक्ष्म जीव साध्या चाऱ्यातूनही प्रथिने तयार करून देतात. डुकराचे पोट मात्र आपल्यासारखे एकाच कप्प्याचे, त्याला चांगली प्रथिने खाद्यातूनच द्यावी लागतात. मका व ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, सोयाबीनच्या पेंडीत तो भरपूर असतो. दुसरबीडच्या शिवारात सोयाबीन काही नवे नाही. लहान पिल्लांच्या खाद्यात प्रथिने साधारण २० टक्के, वाढत्या वयात १६ ते १८ टक्के आणि विक्रीच्या सुमारास १४ टक्के पुरतात. सर्वांना एकच खाद्य घातले तर महागडी पेंड वाया जाते, आणि या धंद्यात सर्वात मोठा खर्च खाद्याचाच.

डुकरीण ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते, आईच्या दुधातून जेमतेम १ मिळते. मोकाट पिल्लू माती उकरून ही तूट भरून काढते. सिमेंटच्या गोठ्यातले पिल्लू मात्र पांढरेफटक पडते आणि दगावते. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन दिले की हे टळते. अर्धवट सुधारणा केली तर जुनेच बरे होते म्हणण्याची पाळी येते, ती अशी.

जातींबाबत देशात १९७०-७१ पासून अखिल भारतीय संशोधन प्रकल्प चालू झाला. त्याचे एक केंद्र जबलपूरला होते. विलायती लार्ज व्हाइट यॉर्कशायर झपाट्याने वाढते आणि एका वेताला ८ ते १२ पिल्ले देते. देशी डुक्कर कमी देते, पण ऊन आणि हलके खाद्य सोसते. म्हणून संकर. आसामातील राणी येथील राष्ट्रीय संशोधन केंद्राने हॅम्पशायर व घुंगरू यांच्यापासून 'राणी' ही संकरित जात तयार केली. गोव्यात जुने गोवे येथील संस्थेने अगोंद गोवन या स्थानिक डुकरावर आणि कृत्रिम रेतनावर काम केले आहे. डुकराचे रेत सहसा गोठवत नाहीत, १७ अंशांवर ठेवून काही दिवसांत वापरतात. आपल्या उन्हाळ्यात ते कसे टिकवायचे, हा प्रश्न आहेच.

आता मुख्य गोष्ट. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची ती विष्ठा मोकाट डुक्कर खाते आणि त्याच्या मांसात गाठी होतात. असे मांस कच्चे राहिले की कृमी पुन्हा माणसात. पण हीच अंडी न धुतलेल्या हातातून वा भाजीतून आपल्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फेफरे येते. जन्मात मांस न खाल्लेल्यालाही येते! अशा रुग्णाला बाहेरची बाधा म्हणून अंगाऱ्याला नेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्याला गरज असते ती डॉक्टरांची आणि मेंदूच्या तपासणीची. डुकरांसाठी यावर लस निघाली असून ती हैदराबादेत बनते. पण संडासाचा वापर आणि बंदिस्त डुक्कर, या दोन गोष्टींनीच ही साखळी तुटू लागते.

बंदिस्त ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाईन फिवर हा रोग ईशान्य भारतात शिरला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप मरतात आणि त्यावर औषध नाही. हॉटेलातील उष्ट्यातील मांसाच्या तुकड्यांतूनही तो पसरतो, म्हणून उष्टे चांगले उकळल्याशिवाय घालू नये. जुन्या स्वाईन फिवरवर मात्र लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी.

तो तरुण पुन्हा आला, तर जातीच्या आधी आम्ही त्याला गोठ्याच्या कुंपणाबद्दल विचारणार आहोत.