विश्लेषण : डाव कधीच न संपणारे खेळ… ‘एमएमओआरपीजी’चे वेड नेमके कशामुळे?

‘बीजीएमआय’मधला सामना साधारण अर्ध्या तासात संपतो. निकाल लागला, की जमवलेली शस्त्रे पुसली जातात आणि पुढचा डाव शून्यापासून सुरू होतो. ऑनलाइन खेळांचा एक प्रकार मात्र असा आहे, जिथे डाव कधी संपतच नाही. खेळाडू झोपला तरी त्याचे जग चालू राहते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, ‘रूनस्केप’, ‘ईव्ह ऑनलाइन’ आणि ‘फायनल फँटसी १४’ ही त्यातली मोठी नावे. यातले बहुतेक खेळ २० वर्षांहून अधिक जुने आहेत. तरीही खेळाडू ते का सोडत नाहीत आणि या प्रेमाला धोका कशाचा आहे?

‘एमएमओआरपीजी’ म्हणजे काय?

हजारो खेळाडूंनी एकाच वेळी खेळायचा, आपापली भूमिका निवडून जगायचा ऑनलाइन खेळ. खेळाडू योद्धा, वैद्य, जादूगार किंवा व्यापारी होतो. त्याचे पात्र, कौशल्ये, पैसा आणि सामान यांची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. त्यामुळे वर्षभराने परत आले तरी बहुधा जिथे थांबलो तिथूनच पुढे जाता येते.

चित्रे जुनाट, तरी ‘रूनस्केप’ का आवडतो?

हा खेळ २००१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. २०१२ मध्ये कंपनीने त्यातली लढण्याची पद्धत आमूलाग्र बदलली आणि जुने खेळाडू नाराज झाले. अखेर कंपनीने मतदान घेतले. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ सालची जुनी आवृत्ती ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावाने परत आली. आजही त्यात नवे काही आणायचे, तर आधी खेळाडूंचा कौल घेतला जातो. ‘इथे आमचे ऐकले जाते’ ही भावना हेच त्याचे मोठे बळ आहे.

दुसरे कारण म्हणजे निवांतपणा. हा सर्व्हर जगाची स्थिती दर ०.६ सेकंदाला एकदाच पुढे सरकवतो. नेमबाजीच्या खेळांपुढे हा वेग कासवाचाच. त्यामुळे एकीकडे गप्पा मारत दुसरीकडे मासेमारी किंवा लाकूडतोड करता येते. २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे. चिकाटीची परीक्षा मात्र कडक असते. कौशल्याच्या ९९ पातळ्यांपैकी ९२ वी गाठली, तेव्हा कुठे निम्मी वाट सरते!

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जीव का अडकतो?

२००४ मध्ये आलेल्या या खेळाचे २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. सुरुवातीच्या काळात त्यातल्या मोठ्या मोहिमांना ४० जण लागत. कोणी शत्रूचे वार अंगावर घ्यायचे, कोणी जखमा भरायच्या, बाकीच्यांनी हल्ला करायचा. एक जण चुकला तरी सगळ्यांची मेहनत वाया. म्हणून ठरलेल्या वेळी हजर राहणारे गट तयार झाले. त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात.

या नात्यांची खोली नॉर्वेच्या मॅट्स स्टीनमुळे जगाला कळली. स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराने तो व्हीलचेअरला खिळला होता. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. मुलगा एकाकी जगला, असे आई-वडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली आणि अनोळखी माणसांचे संदेश येऊ लागले. गिल्डमधले काही मित्र अंत्यविधीलाही आले. खेळात तो ‘इबेलिन’ होता, कित्येकांचा आधार होता. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.

‘ईव्ह ऑनलाइन’ आणि ‘फायनल फँटसी’चे वेगळेपण काय?

‘ईव्ह’ हा आइसलँडच्या कंपनीचा अंतराळातला खेळ. त्यातली युती, व्यापार आणि दगाबाजी सगळे खेळाडूच घडवतात. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाकडून आपल्या भागाच्या ताब्याचे शुल्क भरले गेले नाही. विरोधकांनी लगेच संधी साधली. सुमारे २१ तास चाललेल्या त्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. एवढ्या गर्दीत सर्व्हर कोलमडू नये म्हणून खेळातला वेळच मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत संथ केला जातो. नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. म्हणूनच तिथल्या विजयाला किंमत आहे.

‘फायनल फँटसी १४’ लोकांना कथेसाठी आवडतो. २०१० मधली पहिली आवृत्ती सपशेल फसली. नवे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी ती बंद करतानाही गोष्ट सोडली नाही. खेळातल्या जगावर चंद्र कोसळला आणि २०१३ मध्ये नवे जग उभे राहिले.

मग धोका कोणता?

वर्षानुवर्षे जोपासलेले हे जग खेळाडूच्या मालकीचे नसते. वर्गणी भरून मिळते ती फक्त प्रवेशाची परवानगी. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला आणि हजारोंची पात्रे एका रात्रीत नाहीशी झाली. चाहत्यांनी पुढे स्वतःचे सर्व्हर उभारले. त्यांच्यातल्या एका गटाला अधिकृत परवाना मिळायला जानेवारी २०२४ उजाडले. इतक्या खेळांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही.

२०२४ मध्ये ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या ऑनलाइन खेळाचे सर्व्हर बंद झाल्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सर्व्हर बंद करताना खेळ खेळता येईल अशा स्थितीत ठेवा, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या याचिकेने २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

या खेळांमध्ये नव्याने पाऊल टाकणाऱ्यांनी म्हणूनच एक काळजी घ्यावी. खेळात जुळलेल्या मित्रांशी खेळाबाहेरही संपर्क ठेवावा. तलवारी, जहाजे आणि पातळ्या सर्व्हरसोबत जातील. गिल्डमधली माणसे जायची गरज नाही.