अठरा वर्षं वाकलेली ती

रीत मोठी की माणूस? कुणीही विचारलं, की आपण पटकन म्हणतो, ‘माणूस!’ पण घरात लग्न निघालं, की हेच उत्तर आपल्याला आठवत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, एका बाईची गोष्ट आहे. तिला नाव नाही. अठरा वर्षं ती कमरेत वाकलेली. शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे यहुदी लोकांच्या विसाव्याच्या दिवशी, येशूनं तिला सभास्थानात जवळ बोलावलं, तिच्यावर हात ठेवले आणि ती ताठ उभी राहिली. सभास्थानाचा अधिकारी मात्र चिडला. कामाला सहा दिवस आहेत की, तेव्हा येऊन बरं व्हावं, असं त्याचं म्हणणं. येशूनं विचारलं, शब्बाथालाही तुम्ही बैलाचं दावं सोडून त्याला पाण्यावर नेता ना? मग ही तर अब्राहामाची लेक. तिला आज का सोडवायचं नाही?

शब्बाथ वाईट नव्हता हो. गड्याला, दासीला, अगदी जनावरालाही एक दिवस विसावा मिळावा, म्हणून तो होता. दयेपोटी आलेली रीत पुढं दयेच्याच आड आली!

आपल्याकडं अशा वाकवलेल्या बाया कमी का आहेत? करोनाच्या काळात आपल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले होते. तिथं त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्यांनी थांबा म्हटलं, कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी स्टँप पेपरवर लिहूनच ठेवलं, की माझ्यामागं माझ्या बायकोवर ही सक्ती करू नका. त्यांनी पुढं नेलेला हा विचार कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं उचलला. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं.

मैत्रिणींनो, ही वाट पंडिता रमाबाईंनी फार आधी चालून दाखवली. 1882 मध्ये त्या विधवा झाल्या, पुढच्या वर्षी ख्रिस्ती झाल्या आणि 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन तर आपल्या पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच. दुष्काळात निराधार झालेल्या कितीतरी बायका-मुलींना तिथं आसरा मिळाला.

रमाबाईंचं नाव आम्ही ख्रिस्ती बायका अभिमानानं घेतो. ‘आमच्यात असलं काही नसतं’ असंही म्हणतो. खरंच नसतं? मग हळदीच्या वेळी विधवा मावशी आतल्या खोलीत का बसते? तिला कुणी ‘बस’ म्हटलेलं नसतं. तिला ठाऊकच असतं.

मी विडी कामगार बायकांमध्ये काम करते. त्यांच्यातल्या एकीच्या लेकीची हळद होती. नवरा गेल्यावर या बाईनं विड्या वळून पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. हळदीच्या वेळी ती चुलीपाशी. बायका म्हणाल्या, ‘पाच सवाष्णी पुढं या.’ पोरगी पाटावरून उठली. ‘आधी आई. नाहीतर मला हळदच नको.’ सगळ्या गप्प. तेवढ्यात नवरीची म्हातारी आजी, नवरदेवाकडच्यांसमोर, काठी टेकत आत गेली आणि सुनेचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. म्हणाली, ‘माझा पोरगा गेला, हिची आईपणाची हौस कशाला न्यायची?’ त्या आईची बोटं विड्या वळताना कधी थरथरत नाहीत, हळद लावताना थरथरत होती.

हळद मोडली नाही, बुडाली नाही. उलट तिचा अर्थ कळला.

म्हणून कुठलीही रीत पाळताना एवढंच विचारावं, हिनं कुणाची मान वर होते आणि कुणाची खाली जाते? कुणाची खाली जात असेल, तर ते दावं सोडायला मुहूर्त बघू नये. येत्या लग्नसराईत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आतल्या खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. आणि हाक मारा. येशूनंही आधी हाकच मारली होती.