धास्ती घरातली, घोर लेकराला

वडूजला काळजीची कारणं शोधावी लागत नाहीत. गावाचा खटाव तालुका पर्जन्यछायेतला. येरळा नदीला पाणी येणार का, हा दरवर्षीचा प्रश्न. घरटी कुणी सैन्यात, कुणी गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात. पाऊस लांबला, फोन लागला नाही, की जिवाला घोर लागणारच. तो आजार नव्हे. पण पाऊस पडून गेला, फोन येऊन गेला, तरी छातीतली धडधड थांबत नाही, झोप लागत नाही आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा तो चिंताविकार असू शकतो. 'आईच्या जातीला काळजी असायचीच' म्हणून घरचे तो सोडून देतात. बापाची धास्ती तर रागाच्या रूपात बाहेर पडते, म्हणून ओळखूच येत नाही.

लेकराला मात्र ही धास्ती बोलता येण्याच्या आधीपासून कळते. १९८५ साली अमेरिकेत जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना जाड काचेवर ठेवलं. काचेखाली खोलगट भाग दिसत होता, पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा होता, तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहरा भेदरलेला होता, तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

पुढं हेच घरात घडतं. 'पडशील', 'तिकडं जाऊ नको', सहलीला नकार, एसटी जरा उशिरा आली की फाट्यावर धाव. बाहेरचं जग धोक्याचंच, हे मूल शिकतं. मग सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं. काही मुलं उलट फार शहाणी होतात. आईला त्रास नको म्हणून स्वतःची भीती गिळतात. खरी काळजी या गुणी मुलांची करायला हवी, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

'रक्तातच आहे' हे उत्तर अपुरं आहे. संशोधक थॅलिया एली यांनी २०१५ मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. जनुकांचा वाटा वेगळा काढल्यावरही पालकांची चिंता मुलांत उतरताना दिसली. ही आशेची बातमी आहे: शिकलेली भीती बदलता येते. त्याच वर्षी गोल्डा गिन्सबर्ग यांनी १३६ कुटुंबांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिंताविकार असलेल्या पालकांना मुलांसह काही आठवडे समुपदेशन मिळालं, त्या घरांतल्या मुलांना वर्षभरात विकार जडण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं.

मदत हवी असेल तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. मुलाचं पोट वरचेवर दुखतंय आणि तपासण्यांत काहीच निघत नाही, असं असेल तर तिथं एकदा स्वतःबद्दलही बोला.